पावशेर तुपाचा हिशेब

माळशेजचा घाट चढून कल्याण–नगर रस्त्याने आलं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसतं, मग मढ लागतं, आणि तोच रस्ता पुढे डिंगोरे, उदापूर करत ओतूरला जातो. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराच्या देवळाशेजारी चैतन्यांची समाधी आहे. केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य हे दोघे की एकच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तुकोबांनी आपल्या गुरूचं नाव बाबाजी असं सांगितलं आणि जुन्नर भागाने ते नाव या समाधीशी जोडलं, आपल्या कामाला एवढं पुरे. गुरूपदेशाचा तो अभंग वारकऱ्यांना पाठ असतो. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नात गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला. आणि या सगळ्या अलौकिकाच्या मधोमध एक अगदी घरगुती तपशील येतो: गुरूंनी जेवणाला पावशेर तूप मागितलं, आणि स्वप्नात ते द्यायचं राहून गेलं. गुरूने मागितलं, शिष्य विसरला, आणि ते विसरणं शिष्याने स्वतःच लिहून ठेवलं. एरवी गुरुमाहात्म्य सांगताना कुणी असली उधारी नोंदवत नाही.

काही कीर्तनांत या तुपाची फोड 'तू-पण' अशी केलेली ऐकू येते. गुरूने तूप मागितलं म्हणजे शिष्याचा 'मी-तू' हा भेद मागितला, असा तो अर्थ. फोड गोड आहे, आणि कीर्तनात ती रंगतेही. पण या अर्थात 'पावशेर' बसत नाही. द्वैत काही पाव शेराच्या मापाने मागता येत नाही. माप आलं की जिन्नस आला, जिन्नस आला की मागणाऱ्याची भूक आली, आणि भूक आली की देणाऱ्यावर काही ठरावीक देणं आलं. तुपाचं रूपक केलं की माप गळून पडतं आणि शिष्य मोकळा होतो. शिक्षकाला काय देणं लागतो, या प्रश्नाचं आपण पिढ्यान्‌पिढ्या नेमकं हेच करत आलो आहोत, असं मला वाटतं. ज्ञान पवित्र, शिक्षक पूज्य, म्हणून त्याच्या ताटातल्या तुपाचा हिशेब काढणं हलकेपणाचं. प्रश्न धर्माचा आहे आणि त्याचं उत्तरही तिथेच शोधायला हवं: पूज्य मानण्याने मोजून देण्याची जबाबदारी कमी होते की वाढते?

आपली कार्यालयीन मराठीच पाहावी. शिक्षकाच्या नेमणुकीच्या कागदावर 'पगार' हा शब्द जितका टाळता येईल तितका टाळलेला असतो. तिथे 'मानधन' असतं. या शब्दात धनाआधी मान येतो आणि पुष्कळदा मानच जास्त भरतो. महाराष्ट्राने २००० साली नव्या शिक्षकांना पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० असं मानधन ठरलं. ते वाढत वाढत १६,०००, १८,००० आणि २०,००० व्हायला जानेवारी २०२३ उजाडावा लागला, आणि त्यासाठी उच्च न्यायालयालाही बोलावं लागलं. 'सेवक' हा शब्द ज्याने निवडला त्याला भाषेची जाण चांगली असणार. सेवेचं मोल मागणं आपल्याकडे अशोभनीय समजतात. मढ-खिरेश्वरच्या आदिवासी पट्ट्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण इथे शिकवायला येणारा बहुधा परगावचा असतो. महादेव कोळ्यांच्या घरातली बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. दोन्हींमधला पूल बांधायला मराठवाड्यातून किंवा खानदेशातून कुणी येतो आणि भाड्याची खोली घेऊन राहतो. आश्रमशाळेत तो तासिकेवर असतो. नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या खासगी वर्गात असेल तर बहुतेकदा तोंडी बोलीवर. त्याचं इथे शेत नाही, भावकी नाही, उधारीवर किराणा देणारा ओळखीचा दुकानदारही नाही. गावातल्या गावात शिकवणाऱ्याचा पगार दोन महिने थकला तर घरची बाजरी तरी असते. परक्या शिक्षकाचा थकला तर त्याच्याकडे फक्त मान उरतो. नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांचे कंत्राटी कर्मचारी बसले, त्या आंदोलनाला नाव होतं 'बिऱ्हाड'. नाव अगदी नेमकं होतं.

देशाची सीमा ओलांडली की हाच परकेपणा कायद्यात जाऊन बसतो. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाच्या व्हिसाला सरकारने वर्षाला १६.२५ लाख रुपये किमान पगाराची अट घातली. स्वस्तात बाहेरची माणसं आणून इथल्यांची कामं जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. या अटीतून ज्यांना वगळलं त्यांत आपापल्या देशाचा स्वयंपाक करणारे आचारी, अनुवादक, आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक आहेत. पुण्यात जपानी, जर्मन, फ्रेंच शिकवणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत. त्यांनी तिकडचा शिक्षक आणला तर किती द्यायचं, यावर ही अट काही बोलत नाही. दक्षिण कोरियातल्या 'हागवॉन' नावाच्या खासगी अकादम्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचा व्हिसा ज्याने नोकरी दिली त्याच्याशीच बांधलेला असतो. मालकाशी बिनसलं की वर्गाबरोबर देशही सुटण्याची वेळ येते. वर्ष पुरं झालं की सेवासमाप्तीची रक्कम द्यावी लागते, म्हणून अकराव्या महिन्यात काढून टाकल्याच्या तक्रारी तिकडे जुन्या आहेत. अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. जपानात तर २००७ च्या ऑक्टोबरात 'नोव्हा' ही इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांची सगळ्यात मोठी साखळी बुडाली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. खोलीचं भाडं पगारातून कापलेलं, पण घरमालकापर्यंत पोचलेलंच नाही, असंही निघालं. तेव्हा शिक्षकांच्या संघटनेने एक तोडगा काढला: विद्यार्थ्यांनी जेवण द्यावं, शिक्षकांनी धडा द्यावा. देहूच्या वाण्याला स्वप्नात जे मागितलं गेलं, ते जपानच्या शहरांत जाग्या माणसांना मागावं लागलं.

पूज्य मानण्याचा हा भुर्दंड आपल्या न्यायालयातही बसलेला आहे. गोव्यातल्या एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली निकाल दिला तो असा: शाळा हा कायद्याच्या दृष्टीने 'उद्योग' असला तरी शिक्षक त्यातला 'कामगार' नव्हे. मुलांना घडवणं हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीच्या वा कारकुनी कामात मोडत नाही. म्हणजे त्याच शाळेतल्या कारकुनाला जे दार उघडं, ते बाईंना बंद, आणि कारण काय, तर बाईंचं काम फार थोर. पुढे २००४ साली ग्रॅच्युइटीच्या बाबतीत तसंच झालं. शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २००९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, तीही १९९७ पासून मागे लागू होईल अशी, तेव्हा कुठे ही थोरवी थोडी आवाक्यात आली. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे, पण तो शाळांचा. गाळा भाड्याने घेऊन भाषा शिकवणारी अकादमी ही शाळा नव्हे. तिथला शिक्षक एका दारातून 'तुम्ही गुरुजी' म्हणून परत पाठवला जातो आणि दुसऱ्या दारातून 'तुमची संस्था शाळा नाही' म्हणून.

आता धर्माच्या बाजूने पहिली हरकत येईल ती शास्त्राची. पैसे घेऊन शिकवणं आपल्याकडे निंद्यच मानलं आहे, असं सांगतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलावू नये याची यादी आहे, त्यात 'भृतकाध्यापक', म्हणजे वेतन घेऊन शिकवणारा, आहे हे खरंच. शिवाय पैसे मोजून त्याच्याकडे शिकणाराही त्याच यादीत आहे, ही गोष्ट सांगणारे सहसा विसरतात; फी भरणारे पालक मग कुठे जातील? दुसरं असं, की त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात वेदाचा एखादा भाग उपजीविकेसाठी शिकवणाऱ्याला 'उपाध्याय' अशी रीतसर पदवी आहे, आणि शिक्षण संपल्यावर गुरूला काय द्यावं याची यादी शेत, सोनं, गाय, घोडा इथपासून छत्री, जोडे, धान्य, भाजीपर्यंत येते. जोडे आणि भाजी! गुरूला पाय असतात आणि पोटही, हे स्मृतिकाराला ठाऊक होतं. निषेध होता तो आधी सौदा ठरवून शिकवण्याचा. आणि तोही ज्या व्यवस्थेत होता तिथे गुरूच्या घरात आधीच धान्य होतं, शिष्य लाकडं आणत होते, भिक्षा आणून गुरूपुढे ठेवत होते. ती व्यवस्था गेली. भाड्याच्या खोलीतल्या शिक्षकाला तिचा फक्त निषेध तेवढा लागू करायचा, यात शास्त्रही नाही आणि न्यायही नाही. दुसरा दाखला कालिदासाचा देतात: पोटासाठीच विद्या बाळगणाऱ्याला लोक ज्ञानाचा वाणी म्हणतात, या आशयाचं 'मालविकाग्निमित्रा'तलं वचन. ते उच्चारतो गणदास, जो स्वतः राजवाड्यातला पगारी नाट्याचार्य आहे, आणि त्याच प्रवेशात विदूषक या आचार्यांच्या वेतनावरून चिमटा काढतो. कालिदासाला त्या वाक्यातला विनोद दिसत होता. आपण मात्र ते सुभाषित करून फळ्यावर लिहिलं.

मोजण्याने पावित्र्य बाटतं ही समजूत किती अलीकडची आहे, याचा पुरावा जुन्नर तालुक्यातच आहे. घाटघरजवळ, नाणेघाटाच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. दोन भिंती भरून ब्राह्मी अक्षरं. त्यात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ येतात, आणि प्रत्येक यज्ञामागे दक्षिणा: गायी इतक्या, घोडे इतके, हत्ती इतके, कार्षापण इतके. 'भरपूर दान दिलं' असं लिहून राणी थांबलेली नाही. आकडे कोरले आहेत, इतके स्पष्ट की भारतीय अंकचिन्हांचा इतिहास सांगताना या भिंतीपाशी यावंच लागतं. जागाही पाहावी. हा काही देवळाचा गाभारा नाही. कोकणातून वर येणारा प्रत्येक व्यापारी, बैल, हमाल तिथून जायचा, आणि घाटमाथ्यावर आज दगडी रांजण दाखवतात तो जकातीचा म्हणून. ज्या वाटेवर व्यापाऱ्याचा माल मोजला जात होता, त्याच वाटेवर ऋत्विजांना दिलेलं धन मोजून, कोरून, सगळ्यांना दिसेल असं लावलं होतं. पवित्र देणं हे आकड्यात आणि उघड्यावर असावं, असं त्या राणीला वाटत होतं. आजच्या किती संस्थांना आपल्या शिक्षकांचा पगार दारावर लावायचं धाडस होईल?

न मोजलेल्या दक्षिणेची दुसरीही बाजू आहे, आणि ती आदिवासी पट्ट्यात विसरता कामा नये. आधी न ठरलेल्या दक्षिणेला खालची मर्यादा नसते, तशी वरचीही नसते. एकलव्याला द्रोणांनी शिकवलं नाही, तरी दक्षिणा मागितली ती उजव्या हाताचा अंगठा. काय द्यायचं हे आधी ठरलं असतं, तर तो निषादपुत्र अंगठा राखून गेला असता. आणि द्रोण तरी हस्तिनापुराला कसे आले? घरात मुलाला दूध मिळत नव्हतं, पिठाचं पाणी दूध म्हणून प्यायला दिलं जात होतं, म्हणून. दारिद्र्यातून राजाश्रयाला लागलेला, त्या नगरीत परका असलेला तो शिक्षक पुढे आश्रयदात्याच्या अन्यायालाही नाही म्हणू शकला नाही. व्यासांनी ही साखळी फार निर्दयपणे दाखवली आहे. शिक्षकाचं पोट एका माणसाच्या मर्जीवर टांगलं की आधी त्याची सचोटी जाते, आणि मग त्याची किंमत सर्वांत दुबळा विद्यार्थी मोजतो. पावशेर तूप या दोन टोकांच्या मधे उभं आहे: शून्य नाही आणि अंगठाही नाही. मागणारा मोकळेपणाने मागतो, माप सांगतो आणि तिथे थांबतो.

ग्रीसमध्ये हा वाद आणखी उघडपणे झाला. सॉक्रेटीसने शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, हे आपण कौतुकाने सांगतो. ज्यांनी घेतले ते सोफिस्ट; प्लेटोच्या लेखणीने त्यांचं नावच शिवी करून टाकलं. पण हे प्रमुख सोफिस्ट कोण होते? प्रोटागोरस अब्डेराचा, गॉर्गियस लिओन्टिनीचा, हिप्पियस एलिसचा. अथेन्समध्ये सगळे परके, आणि शिकवत होते ते मुख्यतः बोलण्याची, भाषेची विद्या. अथेन्समध्ये परक्याला जमीन घेता येत नसे. वस्ती करून राहिला तर वेगळा कर भरावा लागे. सॉक्रेटीस नागरिक होता, त्याचे मित्र श्रीमंत होते. फुकट शिकवणं त्याला परवडत होतं, असं म्हटलं तर त्याच्या थोरवीला बाध येत नाही. प्रोटागोरसची रीत प्लेटोनेच नोंदवली आहे: सांगितलेली फी ज्याला जास्त वाटेल त्याने देवळात जावं, या शिकवणीची किंमत आपल्या मते किती हे शपथेवर सांगावं, आणि तेवढीच द्यावी. देवाला साक्षी ठेवायचं ते आकडा बोलण्यासाठी, टाळण्यासाठी नव्हे. सोफिस्टांवर हसण्याआधी हे एकदा लक्षात घ्यावं.

सगळ्यात वजनदार हरकत मात्र त्यागाची आहे, आणि ती मराठी माणूस करणारच. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली उभी राहिली ती त्यागावर. आजीव सदस्यांनी वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर शिकवायचं. गोखले १९०२ मध्ये महिना ३० रुपये निवृत्तिवेतनावर बाहेर पडले. मोजून पगार मागणाऱ्यांनी असं काही उभं केलं असतं का? प्रश्न रास्त आहे. पण त्या ७५ रुपयांत एक गोष्ट होती जी आजच्या मानधनात नाही. ते घेणारेच संस्था चालवत होते. त्यागाचा आकडा त्यांनी स्वतः ठरवला होता, त्याचे नियमही लिहिले होते, आणि तरीही बाहेरचं काम आणि बाहेरची मिळकत यावरून भांडण पेटलंच. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. म्हणजे त्यागी माणसांतही हिशेब चोख लागतो. एकाने त्याग करावा आणि त्याचं पुण्य, शिवाय शिल्लक, दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावी, याला आपल्या कुठल्याच संतपरंपरेत त्याग म्हटलेलं नाही. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, तीही आपल्या वाट्याचीच. भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, अशी कथा आहे.

राहिला लहान चालकाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. ओतूर बाजारपेठेतल्या वर्गाची फी शेतकऱ्याकडून येते. कांदा-टोमॅटोचा भाव पडला की फी थकते, आणि फी थकली की पगार. चालकही काही गबर नसतो. पण भाव पडला तरी गाळ्याचं भाडं थकवता येत नाही आणि वीजबिलही भरावंच लागतं. थांबायला सांगता येतं ते शिक्षकालाच, कारण त्याच्याशी आपलं नातं 'आपलेपणाचं' आहे. बाहेरून आलेल्याशी तर ते जास्तच आपलेपणाचं करून घेतलेलं असतं: सणाला जेवायला बोलावणं, सत्काराला शाल, नारळ. शाल-नारळाला माझा विरोध नाही. पगाराच्या तारखेला शाल मिळाली तर मात्र तिच्याखाली काय झाकलंय ते पाहावं. 'तो स्वतःच्या मर्जीने आला, पटत नसेल तर जाईल,' हे म्हणणं मर्जी शाबूत असलेल्या माणसाला लागू पडतं. ज्याचा व्हिसा, खोली, अनुभवाचा दाखला आणि मागचे दोन पगार एकाच माणसाच्या खणात आहेत, त्याची मर्जीही त्याच खणात असते.

परक्याचं आणि जुन्नरचं नातं या सगळ्याहून जुनं आहे, आणि त्यात परका नेहमी घेणारा नव्हता. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या वा पश्चिमेकडून आलेल्या माणसांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. मानमोडीच्या डोंगरातला चंद नावाच्या यवनाचा आहे, शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांत आणखी दोघांचे. हे लोक इथे व्यापाराला आले असतील, घाट चढून. शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या भिक्षूंचा संघ इथे वर्षावासात राहत होता, आणि त्याला त्यांनी जे दिलं त्यात तत्त्वज्ञान शून्य आहे. चिट नावाच्या यवनाने दिला भोजनमंडप. इरिल नावाच्या यवनाने दिल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, आणि लेखात त्यांची संख्याही कोरून घेतली: 'बे', म्हणजे दोन. प्राकृतातला हा शब्द परदेशी माणसाच्या नावापुढे दगडात बसला आहे, आणि मढच्या शाळेत बाहेरगावच्या गुरुजींच्या मागोमाग मुलं तोच म्हणतात, बे एके बे.